फ्लॅटवर्म एका डिपने जात नाहीत: कोरल वाचवण्याची पूर्ण पद्धत

खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या ॲक्रोपोराचा, म्हणजे फांद्यांच्या कोरलचा, रंग बुडापासून उडायला लागतो. शोधाशोध केली की फ्लॅटवर्म, म्हणजे चपटे किडे, सापडतात. डिप, म्हणजे कोरल बुडवून किडे पाडायचे औषधी द्रावण, आणला जातो, कोरल दहा मिनिटे त्यात राहते, बादलीच्या तळाशी डझनभर किडे गळून पडलेले दिसतात आणि समाधानाने कोरल त्याच दिवशी मुख्य टँकमध्ये परत जाते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच डाग. मग डिप बदलतो, मात्रा वाढते, आणि शेवटी किड्यांआधी औषधाच्या माऱ्यानेच कोरल जाते.

दोष बहुतेक वेळा डिपचा नसतो. डिप चालत्याफिरत्या किड्यांवर काम करतो, अंड्यांवर करत नाही. अंडी कोरलच्या उघड्या सांगाड्याला घट्ट चिकटलेली असतात, कवचात सुरक्षित असतात आणि पाण्याच्या तापमानानुसार साधारण दोन ते तीन आठवड्यांनी फुटतात. त्यामुळे फ्लॅटवर्मचा उपचार म्हणजे सहा-आठ आठवड्यांचे वेळापत्रक. बाटलीतले औषध त्या वेळापत्रकातला एक भाग, तोही सगळ्यात मोठा नाही. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. पायऱ्या पुढेमागे करू नका; बहुतेकांचे काम तिथेच फसते.

## पायरी १: आधी किडा ओळखा

टँकमध्ये वळवळणारी प्रत्येक गोष्ट शत्रू नसते, आणि जे खरे शत्रू आहेत त्यांचे उपचार एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. चुकीच्या किड्यावर बरोबर औषध वापरले तरी नुकसानच होते.

ॲक्रोपोरा खाणारा फ्लॅटवर्म. शास्त्रीय नाव प्रॉस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी. २०११ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा त्याला अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी म्हटले गेले, म्हणून जुन्या लिखाणात ते नाव दिसेल. लांबट-अंडाकृती, कागदासारखा पातळ, काही मिलिमीटरपासून सेंटिमीटरच्या आसपास. तो कोरलची ऊती खातो आणि त्या ऊतीतले तपकिरी शैवाल त्याच्या आतड्यात दिसत राहते, त्यामुळे ज्या फांदीवर बसला असेल तिच्याच रंगाचा होतो. समोर बसलेला असूनही तो दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा: फांदीवर एक-दोन मिलिमीटरचे फिकट गोल ठिपके, रंग बुडाकडून वर उडत जाणे, पॉलिप (कोरलची फुलासारखी छोटी तोंडे) दिवसभर मिटलेले राहणे. गुळगुळीत कातडीच्या ॲक्रोपोरा जातींवर हा प्रकार लवकर आणि जोरात होतो.

लाल प्लॅनेरिया. कॉन्व्होल्युट्रिलोबा. विटकरी-लाल, पाचएक मिलिमीटरचा, शेपटीकडे दोन-तीन टोके. काच, रॉक, वाळू, कोरल, जिथे उजेड आहे आणि प्रवाह मंद आहे तिथे याची चादर पसरते. हा कोरल खात नाही. संख्येने इतका वाढतो की कोरलवर सावली पडते. याची खरी भीती वेगळीच आहे: हे मोठ्या संख्येने एकदम मेले तर पाण्यात विष सुटते आणि मासे दगावू शकतात. याच्यासाठी पायरी ८ वेगळी दिली आहे.

वामिनोआ. तपकिरी, गोल चकतीसारखे, मागे छोटी खाच. मशरूम, युफिलिया, लेदर अशा मांसल कोरलवर नाणी चिकटवल्यासारखे बसतात. डिपला चांगले दाद देतात.

काचेवरचे पारदर्शक-पांढरे छोटे फ्लॅटवर्म. यातले बहुतेक कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) आणि कचरा खाऊन राहतात. यांच्यासाठी काहीही करू नका.

ब्रिसलवर्म. दोन्ही बाजूंना केसाळ पाय असलेला, खंडांचा, गुलाबी-तपकिरी. मरणाऱ्या कोरलवर रात्री टॉर्च मारला की हाच दिसतो आणि सगळा आळ यावर येतो. तो मेलेली ऊती साफ करायला आलेला असतो. ब्रिसलवर्म काढण्याच्या नादात खरा फ्लॅटवर्म आणखी महिनाभर चरत राहतो, असे मी फार वेळा पाहिले आहे. अपवाद आहेत. हर्मोडीस नावाचा जाड, भडक फायरवर्म जिवंत कोरल खातो, आणि युनिसिड कुळातले काही लांब, इंद्रधनुषी झाक असलेले, डोक्यावर पाच शिंगे असलेले किडेही नुकसान करतात. पण ते एकटे-दुकटे असतात. ज्या रॉकमध्ये आहेत तो रॉकच बाहेर काढून, हातात जाड मोजे घालून, चिमट्याने काढायचे. औषधाची गरज नाही.

मॉन्टिपोरा जातीच्या कोरलवर पांढरे, झालरीसारखे काही दिसले तर तो किडा नसून न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्रगोगलगाय, आहे. त्याचीही अंडी डिपला दाद देत नाहीत, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांचे वेळापत्रक त्यालाही लागू पडते.

### पिचकारीची चाचणी

ॲक्रोपोराबद्दल शंका असेल तर डोळ्यांवर विसंबू नका. सगळे पंप बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीत टँकचेच पाणी भरून फांद्यांच्या खालच्या बाजूला, बुडाशी, तिरका जोरदार झोत मारा. वरून मारलेला झोत किड्याला आणखी घट्ट बसवतो. बाजूने आणि खालून मारा.

काय दिसते ते नीट पाहा. कोरलची चिकट लाळ धाग्यांसारखी निघते आणि लांबत जाते. कचरा ढगासारखा पसरतो. फ्लॅटवर्म मात्र कोरड्या पानाच्या तुकड्यासारखा सुटतो, क्षणभर गिरक्या घेत खाली जातो आणि मग त्याच्या कडा लाटेसारख्या हलायला लागतात. त्या हलणाऱ्या कडा दिसल्या की खात्री पटली. तुकडा पिचकारीत ओढून पांढऱ्या वाटीत सोडा आणि भिंगातून पाहा.

तपासणी: एका कोरलवर सापडला म्हणजे टँकमधले प्रत्येक ॲक्रोपोरा बाधित आहे असेच धरून चाला. "हे तर छान दिसतंय" म्हणून एखादे मागे ठेवले की सगळी मेहनत वाया जाते.

## पायरी २: क्वारंटाईन टँक आधी, डिप नंतर

बहुतेक जण डिप आधी आणतात आणि मग कोरल ठेवायचे कुठे हा विचार करतात. उलट करा. कोरलला सहा ते आठ आठवडे राहता येईल अशी दुसरी जागा तयार नसेल तर डिपची बाटली उघडूच नका.

या टँकमध्ये वाळू नको, रॉक नको. उघडी काच, हीटर, प्रवाहासाठी छोटा पॉवरहेड, कोरलला पुरेल असा दिवा आणि जुन्या फिल्टरमधला थोडा मुरलेला मीडिया (जिवाणू बसलेला गाळणीचा माल). तापमान आणि क्षारता मुख्य टँकइतकीच: २५ ते २६ अंश, विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) मुख्य टँकपेक्षा फार वेगळी नको. डिपने आधीच दमलेल्या ॲक्रोपोराला अल्कलिनिटीतला झटका सहन होत नाही, आणि असे मेलेले कोरल लोक डिपच्या खात्यावर लिहितात.

टँक किमान आठवडाभर चालवून पाहा. त्यात टाकलेला एखादा निरोगी, कमी महत्त्वाचा फ्रॅग (कोरलचा कापलेला छोटा तुकडा) तीन-चार दिवसांनी पॉलिप उघडत असेल तरच पुढे जा. घाई करायचा मोह होतो, मला कळते. डोळ्यासमोर कोरल पांढरे पडत असते. तो आठवडा पिचकारी आणि सायफनने किडे काढण्यात घालवा, पण टँक स्थिर होऊ द्या.

## पायरी ३: सामान हाताशी

डिप सुरू झाल्यावर चिमटा शोधायला उठायचे नाही. आधी मांडून ठेवा:

- तीन भांडी: एक डिपचे, दोन धुण्याची. शक्यतो पांढरी, म्हणजे गळलेले किडे मोजता येतात.
- तिन्हींमध्ये टँकचेच किंवा त्याच तापमानाचे, त्याच क्षारतेचे पाणी.
- डिपच्या भांड्यासाठी छोटा पंप, थंडीत हीटरही.
- पिचकारी, मऊ टूथब्रश, टोकदार दातकोरणी किंवा स्काल्पेल, भिंग, टॉर्च.
- हाडे कापायच्या पकडीसारखी कोरल कटर, जेल सुपरग्लू, नवे कोरडे प्लग (फ्रॅग चिकटवायच्या छोट्या बैठका).
- हातमोजे आणि चष्मा. झोॲन्थिड (कोरलसारखेच बटणाएवढे मऊ जीव) हाताळणार असाल तर याला पर्याय नाही. त्यांच्यातल्या पॅलिटॉक्सिनमुळे डोळ्याला आणि जखमेला गंभीर इजा होऊ शकते.
- घड्याळ.

डिप कोणता? आयोडीनचे द्रावण जखमेसाठी, कापलेल्या टोकासाठी चांगले. फ्लॅटवर्म पाडण्यासाठी मी त्यावर विसंबत नाही. वनस्पतिज तेलांवर आधारलेले तयार कोरल डिप किड्यांना सोडायला भाग पाडतात आणि सुरुवातीला तेच वापरावेत. लेव्हामिसोलवर आधारलेली औषधेही वापरली जातात. बागेतली कीटकनाशके वापरण्याची पद्धत काही ठिकाणी रुजली आहे. मी ती सुचवत नाही: ती कोरलसाठी बनलेली नाहीत, आणि नीट न धुतलेल्या कोरलबरोबर गेलेला थोडासा अंशसुद्धा कोळंबी-खेकड्यांना पुरतो.

मात्रा आणि वेळ बाटलीवर असेल तीच. दुप्पट मात्रेने अंडी मरत नाहीत, फक्त कोरल मरते.

## पायरी ४: अंडी हाताने काढा

या पायरीवर सगळे अवलंबून आहे, आणि हीच सर्वांत जास्त वगळली जाते. त्यामुळे इथे थोडा वेळ थांबू.

कोरल पाण्याबाहेर काढून उलटे धरा. एखाद-दुसरे मिनिट हवेत राहिल्याने ॲक्रोपोराला काही होत नाही. जिवंत ऊती जिथे संपते आणि उघडा सांगाडा सुरू होतो ती सीमारेषा टॉर्चच्या तिरक्या उजेडात, भिंगातून, सावकाश फिरत फिरत पाहा. फ्लॅटवर्म अंडी जिवंत ऊतीवर घालत नाही. तो आधी ऊती खातो आणि मोकळ्या झालेल्या सांगाड्यावर, सावलीच्या बाजूला, फांद्यांच्या बेचक्यात, प्लगच्या कडेखाली अंडी घालतो. सोनेरी-तपकिरी, मोहरीहूनही बारीक गोळे, एकमेकांना चिकटून एका थराचा पट्टा. पहिल्यांदा पाहिले तर वाळूचे कण वाटतील. वाळू बोटाने सरकते, अंडी सरकत नाहीत.

आता क्रमाने:

१. प्लग तोडून फेकून द्या. किंमत पाहू नका. प्लगच्या भेगा आणि जुन्या गोंदाखालची पोकळी इथे अंडी असतातच.

२. उघडा सांगाडा जितका कापता येईल तितका कापा. बुडाचा मेलेला भाग, मेलेली फांदी, खाऊन पांढरे पडलेले टोक, सगळे. कापताना जिवंत ऊतीचा तीन-चार मिलिमीटर भागही बरोबर जाऊ द्या. जीव तुटतो, विशेषतः वर्षभर वाढवलेल्या कॉलनीत, म्हणजे मोठ्या झालेल्या कोरलच्या झुडपात. पण एक मोठी बाधित कॉलनी सांभाळण्यापेक्षा तिच्या टोकांचे पाच स्वच्छ फ्रॅग सांभाळणे कितीतरी सोपे आहे, आणि ते पाच फ्रॅग वर्षभरात पुन्हा कॉलनी होतात.

३. जे कापता येत नाही तिथली अंडी दातकोरणीने खरवडा आणि टूथब्रशने घासा. घासताना कोरल वेगळ्या भांड्यात धरा, कारण सुटलेली अंडीही जिवंतच असतात. हे पाणी नाल्यात.

४. जिथे खात्री वाटत नाही अशा उघड्या सांगाड्यावर जेल सुपरग्लूचा थर द्या. अंडी आत गाडली जातात. ही छोटी युक्ती फार कामाची आहे.

चूक: अंडी "डिपनंतर बघू" म्हणून ठेवणे. डिपनंतर कोरल लाळ सोडते, सीमारेषा झाकली जाते आणि काही दिसत नाही. अंडी आधीच पाहायची.

## पायरी ५: डिप

कोरल डिपच्या भांड्यात ठेवा, घड्याळ लावा. नुसते बुडवून ठेवून काम होत नाही. औषध किड्याला मारण्यापेक्षा त्याची पकड ढिली करते, पकड ढिली झालेला किडा फांद्यांच्या बेचक्यात तसाच पडून राहतो, आणि स्वच्छ पाण्यात गेल्यावर शुद्धीवर येतो. म्हणून दर मिनिटाला पिचकारीने चारही बाजूंनी आणि खालून झोत मारा. डिपच्या वेळेतला निम्मा वेळ तुमच्या हातात पिचकारी असली पाहिजे.

वेळ झाली की पहिल्या धुण्याच्या भांड्यात पुन्हा झोत, मग दुसऱ्या भांड्यात. दुसऱ्या भांड्यातही किडा सापडला तर तिसरे भांडे घ्या. त्यानंतर नव्या, कोरड्या प्लगवर चिकटवून क्वारंटाईन टँकमध्ये.

गळलेले किडे मोजा आणि लिहून ठेवा: तारीख, कोरल, संख्या, अंडी होती की नव्हती. चौथ्या आठवड्यात "कमी झालेत का" हे आठवणीवर ठरवता येत नाही.

इशारे:

- डिपचे आणि धुण्याचे पाणी कोणत्याही टँकमध्ये परत जाणार नाही.
- पिचकारी, ब्रश, भांडी मुख्य टँकसाठी वेगळी आणि क्वारंटाईनसाठी वेगळी. एवढे शक्य नसेल तर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय पुन्हा वापरू नका.
- प्रवासातून आत्ताच आलेले कोरल आधी तापमानाला येऊ द्या, मग डिप. थंड पिशवीतून थेट डिप म्हणजे दुहेरी मार.
- एकाच वेळी सगळी कोरल डिपमध्ये टाकू नका. पहिल्या दिवशी एक फ्रॅग, त्याची २४ तासांनंतरची अवस्था पाहा, मग बाकीची.
- ऊती आधीच पट्ट्यापट्ट्यांनी गळत असेल तर ते कोरल डिप सोसणार नाही. त्याची जिवंत टोके कापून घ्या आणि तेवढीच वाचवा.

डिपनंतर दोन-तीन दिवस पॉलिप मिटलेले, रंग थोडा फिका, लाळ जास्त, हे चालते. दिव्याची तीव्रता कमी, प्रवाह चांगला. खाऊ घालण्याचा मोह टाळा.

## पायरी ६: वेळापत्रक

किमान सहा आठवडे, दर सात दिवसांनी एक फेरी. प्रत्येक फेरीत पायरी ४ आणि ५ पूर्ण: भिंगातून तपासणी, अंडी काढणे, डिप, दोनदा धुणे.

सात दिवसच का, हा प्रश्न रास्त आहे. पहिल्या दिवशी तुमच्या नजरेतून सुटलेली अंडी पुढच्या तीनेक आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी फुटतील. त्यातून निघालेल्या पिल्लाला स्वतः अंडी घालण्याइतके वाढायला आणखी काही आठवडे लागतात. दर आठवड्याला डिप दिला तर प्रत्येक पिल्लू अंडी घालण्याच्या वयात येण्याआधी एक-दोनदा तरी तुमच्या तावडीत सापडते. महिन्याने एकदा दिला तर नवी पिढी आधीच अंडी घालून मोकळी झालेली असते. रोज दिला तर किड्यांना फरक पडत नाही, कोरलला पडतो.

आता महत्त्वाचा नियम: सहा आठवडे पहिल्या डिपपासून मोजायचे नाहीत, शेवटचा किडा किंवा शेवटचे अंडे दिसले त्या दिवसापासून मोजायचे. चौथ्या आठवड्यात एक किडा सापडला तर मोजणी पुन्हा शून्यावर. हे त्रासदायक आहे. मी स्वतः एकदा चौथी आणि पाचवी फेरी कोरी गेल्यावर सहावी टाळली. कोरल सुंदर दिसत होती, पॉलिप उघडे होते, हात थकले होते. मुख्य टँकमध्ये परत ठेवल्यावर सातव्या आठवड्यात एका निळ्या टोकाच्या ॲक्रोपोराच्या बुडाशी दोन गोल ठिपके दिसले, आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले. त्या दुसऱ्या खेपेत तीन कॉलनी गेल्या.

फेरीच्या दिवशी कोरल बाहेर असतानाच क्वारंटाईन टँकची काच पुसा, तळ सायफन करा, कोरल ठेवायची रॅक बदला. काढलेली रॅक गोड्या पाण्यात बुडवून, मग उन्हात पूर्ण वाळवा. रॅकच्या जाळीवर अंडी असू शकतात हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

तापमान थोडे वरच्या बाजूला, २६ अंशांच्या जवळ ठेवले तर अंडी लवकर फुटतात आणि वेळापत्रक तुमच्या बाजूने झुकते. त्याहून वर नेऊन कोरलला ताण देऊ नका. पाणी थंड असेल तर मोजणीत एक-दोन आठवडे वाढवा.

तपासणी: तिसऱ्या-चौथ्या फेरीत अगदी छोटे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे किडे सापडले तर घाबरू नका. अंडी फुटत आहेत आणि तुम्ही पिल्ले पकडत आहात, हेच हवे आहे. मोठे, पूर्ण वाढलेले किडे सापडले तर मात्र पिचकारी नीट फिरत नाही, किंवा एखादे कोरल फेरीतून सुटते आहे.

## पायरी ७: मुख्य टँक उपाशी ठेवा

क्वारंटाईनमध्ये उपचार चालू असताना मुख्य टँकमध्ये एकही ॲक्रोपोरा नको. हा किडा ॲक्रोपोरावरच जगतो. अन्न नसले की मरतो. मासे, कोळंबी, इतर कोरल तिथेच राहू दे. मी आठ आठवडे धरतो, कारण मागे राहिलेली अंडी फुटून त्यांची पिल्ले उपाशी मरेपर्यंतचा काळ त्यात सैल हाताने बसतो.

"एकही नको" याचा अर्थ शब्दशः घ्या. इथे चूक होते ती अशी:

- मोठी कॉलनी तोडून काढली, पण रॉकवर पसरलेली तिची चकती मागे राहिली. ती जिवंत आहे, तेच अन्न आहे. छिन्नीने खरवडा, किंवा इपॉक्सीने पूर्ण झाका.
- वाळूत पडलेले तुटके तुकडे. काड्यांसारखे दिसतात, पण टोकाला रंग असतो. पंप बंद करून वाळू हाताने चाळा.
- सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) किंवा मागच्या कोपऱ्यात "तात्पुरता" ठेवलेला फ्रॅग.

कॉलनी रॉकला इतकी एकजीव झाली असेल की काढताच येत नाही, तर प्रामाणिकपणे दोनच मार्ग आहेत. एक, टोके कापून क्वारंटाईनमध्ये घ्या आणि उरलेली कॉलनी सोडून द्या. दुसरा, नियंत्रणावर समाधान माना: दर दोन-तीन दिवसांनी पिचकारीचा झोत, सुटलेले किडे पकडायला बाहेर जाणाऱ्या पाण्यावर बारीक जाळीची पिशवी, आणि टँकमध्ये शिकारी. दुसऱ्या मार्गाने किडे कमी राहतात, संपत नाहीत. ज्याला वारंवार फ्रॅग द्यायचे-घ्यायचे आहेत त्याने हा मार्ग धरू नये, कारण त्याचे किडे दुसऱ्याच्या टँकमध्ये जातील.

शिकाऱ्यांबद्दल थोडे. सहा रेघांचा रास मासा, म्हणजे स्यूडोचायलिनस, आणि पिवळा किंवा मेलानुरस जातीचा हॅलिकोरीस रास दिवसभर फांद्यांमध्ये टोचत हिंडतात आणि फ्लॅटवर्म खातात. लिस्माटा विटाटा जातीची पेपरमिंट कोळंबी अंडीही खाते, आणि अंडी खाणारा कोणताही मदतनीस इथे मोलाचा. पण मासा फांदीच्या उलट बाजूला, बेचक्यात पोहोचत नाही. शिकारी हे उपचारानंतरचे राखणदार समजा. शिवाय सहा रेघांचा रास छोट्या टँकमध्ये नंतर आलेल्या माशांना छळतो, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

## पायरी ८: लाल प्लॅनेरियासाठी वेगळा क्रम

इथे कोरल बाहेर काढून डिप देत बसण्यात अर्थ नाही. किडे सगळ्या टँकभर आहेत. औषध टँकमध्येच द्यावे लागते, आणि धोका तिथेच आहे.

पहिले काम सायफन. दिवे लागून दोन-तीन तास झाले की हे उजेडात वर येऊन बसतात. चार ते सहा मिलिमीटरच्या पारदर्शक नळीने, नळीच्या टोकाशी हवे तर टूथब्रश बांधून, ओढून घ्या. पाणी थेट बादलीत. आठवडाभर रोज. संख्या उघड्या डोळ्यांना जाणवेल इतकी घटेपर्यंत औषधाचा विचार नको. आत जितके किडे मरतील तितके विष सुटेल, हा साधा हिशेब आहे.

दुसरे, सुटकेची तयारी. टँकच्या निदान तीस टक्के इतके मिठाचे पाणी तयार, ढवळलेले, तापवलेले. भरपूर ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन धुऊन पिशवीत भरून बाजूला. औषध देताना कार्बन बाहेर, पण लागला की लगेच आत टाकता येईल असा हाताशी. माशांसाठी एक वेगळे भांडे, हवेच्या दगडासह.

तिसरे, पेल्यातली चाचणी. एका लिटर टँकच्या पाण्यात दहा-बारा किडे घ्या, औषधाची त्या प्रमाणातली मात्रा घाला आणि पाहा. तासाभरात ते आक्रसून, सुटून मेले तर मात्रा बरोबर. चालत राहिले तर मुख्य टँकमध्ये औषध ओतण्याआधीच तुम्हाला कळले. ही चाचणी तासाभराची आहे आणि ती कोणी करत नाही.

चौथे, औषध. टँकचे खरे पाणी मोजून: रॉक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा, सम्प धरून. किडे सुटून पाण्यात तरंगायला लागले की सायफन हातात घ्या आणि मेलेले ओढत राहा. बाटलीवरची वेळ झाली की कार्बन आत, स्किमर (फेसाने कचरा काढणारे यंत्र) सुरू, पाणी बदला.

इशारा: मासे वर येऊन धापा टाकू लागले किंवा तिरके पोहू लागले तर वेळ पूर्ण होण्याची वाट पाहू नका. तत्क्षणी कार्बन, पाणी बदल, मासे वेगळ्या भांड्यात.

हे किडे शरीरातून अंकुर फुटून वाढतात, जोडीची गरज नाही. चार उरले तरी चारशे होतात. म्हणून आठवडाभराने दुसरी फेरी, पहिली कितीही यशस्वी वाटली तरी. चेलिडोन्युरा नावाची निळी-काळी समुद्रगोगलगाय हे किडे आवडीने खाते, पण किडे संपले की उपाशी मरते, आणि पंपात अडकून गेली तर तिचेही विष पाण्यात मिसळू शकते. मी ती ठेवत नाही.

## पायरी ९: परत आणताना आणि त्यानंतर

सहा कोऱ्या फेऱ्या आणि मुख्य टँकचे आठ आठवडे, दोन्ही पूर्ण झाले की सगळी कोरल एकदम परत आणू नका. आधी एकच ॲक्रोपोरा परत ठेवा, शक्यतो गुळगुळीत कातडीचा, जो किड्यांना सर्वांत आधी बळी पडतो. त्याला पहारेकरी समजा. दोन आठवडे, दर तीन दिवसांनी पिचकारीची चाचणी. बुडाशी ठिपका नाही, पिचकारीत काही नाही, तर बाकीची आणा. पहारेकऱ्यावर किडा सापडला तर तुमच्या हातून एकच कोरल गेले, सगळी नाही, आणि मुख्य टँकमध्ये कुठेतरी जिवंत ऊती मागे राहिली आहे हे कळले. पायरी ७ मधली यादी हातात घेऊन पुन्हा शोधा.

परत आणताना अल्कलिनिटी जुळवा आणि दिवा कमी तीव्रतेवर ठेवून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. दोन महिने मवाळ उजेडात राहिलेले कोरल पहिल्याच दिवशी पूर्ण प्रकाशात ठेवले तर पांढरे पडते आणि पुन्हा फ्लॅटवर्मची शंका येते.

यापुढे येणारे प्रत्येक नवे कोरल, कितीही विश्वासू माणसाकडून आले तरी, त्याच क्रमाने: प्लग तोडायचा, भिंगातून बुड पाहायचे, डिप, नवा प्लग, क्वारंटाईनमध्ये सहा आठवडे आणि दर आठवड्याला फेरी. विकत घेताना कॉलनीपेक्षा ताजा कापलेला छोटा फ्रॅग घ्या. त्याला उघडा सांगाडा कमी, म्हणून अंड्यांना जागा कमी. फ्रॅग हातात आला की फांदीची टोके, रंग, पॉलिप सगळे नंतर पाहा. आधी तो उलटा करा.